क्रॉयडनमधून दिसणारी ओहायो नदी

कपाट आवरायला काढलं की मी हमखास फसते. चॅरिटी शॉपला द्यायच्या कपड्यांची पिशवी दारात तोंड उघडून उभी राहते आणि मी पलंगावर बसून एकेका कपड्याची विचारपूस करत बसते. काल जुना काळा कोट निघाला. कोपरांवर झिजलेला, अस्तर सुटलेलं, एक बटण दुसऱ्याच जातकुळीचं. देण्याआधी खिसे बघावेत म्हणून हात घातला, तर खिशाच्या फाटक्या कोपऱ्यातून खाली, थेट अस्तरात घसरलेलं काहीतरी टणक बोटांना लागलं. दोन बोटांच्या चिमटीत धरून वर ओढलं. हॉर्स चेस्टनटची बी होती. इथली मुलं तिला काँकर म्हणतात. पानगळ सुरू झाली की झाडाखालून वेचतात, दोरीत ओवून एकमेकांच्या काँकरवर आपटत बसतात. ताजी असते तेव्हा ती चिंचोक्यासारखी तुकतुकीत तपकिरी असते, आकाराने मात्र चांगली लिंबाएवढी. माझ्या हातातली सुरकुतलेली होती आणि वजनाला इतकी हलकी की आत काही उरलंय की नाही कोण जाणे.

मी चक्रावलेच. ही बी मी ओळखत होते, आणि ती इथे, बर्मिंगहॅममध्ये, माझ्या कोटात असायचं काहीच कारण नव्हतं. ती नागपूरला असायला हवी होती, आईच्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते. कोट नाकाशी नेला. ओल्या लोकरीचा आणि त्यात मुरलेल्या फोडणीचा वास आला. ज्या घरात हा कोट स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर टांगलेला असे, त्या घरातच मी जाऊन पोचले.

तेव्हा आम्ही क्रॉयडनला राहत होतो. नव्या शतकाची पहिलीच काही वर्षं. पुण्या-मुंबईची, नागपूरची कितीतरी जोडपी तेव्हा संगणकाच्या कामावर इकडे येत होती आणि आमच्यात एक रीतच पडून गेली होती. मूल लहान असलं की ते आजी-आजोबांकडे ठेवायचं, आपण दोघांनी पुढे जायचं, घर लावायचं, थंडीचा अंदाज घ्यायचा, आणि मग मुलाला घेऊन यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट परक्या देशात तान्ह्या पोराचे हाल नकोत म्हणून आईबापांचं कौतुकच होई. आमची लेक दीड वर्षाची होती. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. विमानतळावर ती आईच्या कडेवर बसून बिस्किट खात होती आणि मला हात हलवून टाटा करायलाही तिने बिस्किट खाली ठेवलं नव्हतं.

आणि मग ज्या कामासाठी नवरा आला होता, ते कामच गुंडाळलं गेलं. दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, पण त्यासाठी परवाना नव्याने, व्हिसा नव्याने. आमचे दोघांचे पासपोर्ट सरकारी ऑफिसात जमा झाले. मी म्हटलं, मी एकटी जाते आणि घेऊन येते तिला.

"अगं, कशी जाशील?" नवरा म्हणाला. "पासपोर्टच तिकडे आहे. आणि अ‍ॅप्लिकेशन पेंडिंग असताना कंट्री सोडली ना, तर ती विड्रॉ केली असं धरतात. मग आपण दोघंही आउट. आणि तिचा डिपेंडंट व्हिसा आपल्या एक्स्टेन्शनवरच डिपेंड आहे. थोडा पेशन्स ठेव, होईल सगळं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचाही जीव तुटत होता, फक्त त्याला रोज सकाळी टाय बांधून कुठेतरी जायला होतं. मला नव्हतं. गंमत म्हणजे ते ऑफिस आमच्याच गावात होतं. ट्रामने दोन थांबे. भाजी आणायला निघालं की ती उंच राखाडी इमारत समोर यायचीच. तिच्या कुठल्यातरी मजल्यावर, कुठल्यातरी ढिगात माझा पासपोर्ट पडलेला आहे, तो मिळाला तर मी उद्या सकाळी नागपूरला असेन, आणि तो मिळत नाही म्हणून मी इथे कोबी घेऊन उभी आहे. मला त्या इमारतीचा इतका राग यायचा की मी ट्राममध्ये मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसायची.

तिकडे संध्याकाळ झाली की फोन. त्या काळात स्क्रॅचकार्ड खरवडून, लांबलचक नंबर दाबून फोन लावावा लागे आणि ऐन बोलण्यात एक बाई इंग्रजीत मिनिटं संपत आल्याचं सांगायची. आधी आधी लेक फोनवर नुसता श्वास सोडायची. मग बोलायला लागली. नागपूरच्या घरात माझा धाकटा भाऊ आईला आई म्हणतो, बाबाही तिच्याबद्दल बोलताना 'तुझी आई' म्हणतात, तेव्हा लेकही तिला आईच म्हणू लागली. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल मला माझ्याबद्दल वाटलं. एकदा आईने तिला "कोण बोलतंय सांग बरं?" असं विचारलं आणि ती पटकन म्हणाली, "फोनआई." आईला हसू फुटलं. मीही हसले. मग कार्डातली मिनिटं संपली.

इथल्या कुणाला मी लेकीबद्दल सांगितलं नव्हतं. दिवाळीला एका हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती, तिथे एक उत्साही बाई माझ्या हातात चकलीची बशी देत म्हणाली, "तुझं बरं आहे गं, बेबी नाही तोवर एन्जॉय कर. आमचं बघ, बेबीसिटर मिळेपर्यंत पिक्चरसुद्धा नाही!" मी चकली खाल्ली. चकली चांगली झाली होती, तेही तिला सांगितलं.

त्या घरात देव होते स्वयंपाकघराच्या कपाटात, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याशेजारी. तिन्हीसांजेला दिवा लावायची सवय काही सुटत नव्हती, पण छताला स्मोक अलार्म होता आणि तो भलताच नास्तिक होता. निरांजन पेटलं की बोंब मारायचा. शेवटी मी युक्ती काढली. जॅमच्या रिकाम्या बाटलीत तूप-वातीचा दिवा ठेवायचा, आणि बाटली पुढच्या खोलीच्या खिडकीत, फट उघडी ठेवून. धूर बाहेर, दिवा आत. त्या खिडकीतून रस्ता दिसायचा, समोरची लाल विटांची घरं दिसायची. थंडीच्या दिवसांत तिथे दुपारी चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. लोकांच्या घरात दुपार आणि माझ्या घरात दिवेलागण. मी हात जोडायची, लहानपणी म्हणायचो ती सांजेची प्रार्थना पुटपुटायची, आणि मग काय करायचं हे न सुचून त्या दिव्याशीच बसून राहायची.

अशाच एका दुपारी, की संध्याकाळी म्हणू, खालची बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळी म्हातारी उभी होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगात पुरुषी स्वेटर, पायांत घरातल्या सपाता. समोरच्या घरातून तशाच रस्ता ओलांडून आल्या होत्या. त्या इंग्रजीत बोलत, तेही इथल्यापेक्षा निराळ्या, ऐसपैस उच्चारांत. मी इथे माझ्या मराठीत सांगते.

"तुझ्या खिडकीत रोज दिवा असतो," त्या म्हणाल्या. "कोणासाठी असतो?"

आता याचं सरळ उत्तर होतं. देवासाठी. आमच्यात असतो. आमची पद्धत आहे. पण ज्या तऱ्हेने त्यांनी 'कोणासाठी' विचारलं, त्यात चौकशी नव्हती, आपल्या ओळखीच्या गोष्टीबद्दल विचारावं तसा सूर होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मुलीसाठी." आणि मी दारातच रडायला लागले. त्या आत आल्या, जिन्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या आणि रडणं संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्याकडे फार वेळ नाही. तो उठला की मला शोधतो."

तो म्हणजे त्यांचा नवरा. इंग्रज इंजिनिअर. तरुणपणी कामासाठी अमेरिकेत, ओहायो राज्यात गेला होता, तिथून यांना लग्न करून घेऊन आला. आता त्याला विस्मरणाचा आजार होता. बायको कोण हे तो विसरला होता, पण ती दिसली नाही की घाबरून घरभर हिंडायचा, दार उघडून रस्त्यावर यायचा. त्यामुळे बाईंना त्याच्या झोपेच्या हिशेबाने जगावं लागे. ट्रामच्या थांब्यापलीकडे आपण कधीपासून गेलो नाही, हे त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांच्या त्या मोकळ्या वेळात मी त्यांच्याकडे जाऊ लागले. नावाने हाक मार म्हणाल्या, पण आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मनातल्या मनात मी त्यांना ओहायोच्या बाई म्हणायची, आणि तोंडाने 'अहो' म्हणावं तसं काहीतरी गुळमुळीत इंग्रजी.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसायचो, आणि बाई ओहायोबद्दल बोलायच्या. दुसरं काही बोलतच नसत. मला आधी वाटलं, हे आजारी माणसाशेजारी राहून झालेलं वेड असेल. मग कळलं की त्या रोज दुपारी तिथे जाऊन येत होत्या, आणि आता बरोबर मलाही नेत होत्या. त्यांच्या राज्यात एक माणूस अनवाणी पायांनी, डोक्यावर पातेलं घालून गावोगाव सफरचंदाची झाडं लावत हिंडला होता. त्यांच्याकडे उत्तरेच्या एका शहरात कारखान्यांच्या तेला-घाणीने नदीच पेटली होती. "पाण्याला आग लावून दाखवली आम्ही," असं त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या. डेटन गावात सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी पहिलं विमान उडवलं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण बाईंना त्या भावांचं कौतुक बेताचंच होतं. त्यांचा जीव त्या भावांच्या बहिणीवर. शाळेत शिकवायची, घर सांभाळायची, भाऊ विमानातून पडला तेव्हा धावत जाऊन त्याची शुश्रूषा केली. तिने पुढे उतारवयात लग्न करायचं ठरवलं तर एका भावाने तिच्याशी बोलणंच टाकलं. "सगळ्या दुनियेला पंख दिले," बाई चहात साखर ढवळत म्हणायच्या, "आणि तिला दाराबाहेर पडू देईनात." चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाराही त्यांच्याच राज्यातला, लहान गावातला मुलगा. मोटार चालवायच्या आधी विमान चालवायला शिकलेला. "आमची माणसं चंद्रावर जातात. मी क्रॉयडनपर्यंत आले." आणि हसायच्या. त्यांचं हसू ऐकून आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज यायचा, "कोण आहे?" त्या म्हणायच्या, "मीच," आणि उठायच्या.

त्यांच्या स्वेटरच्या खिशात कायम एक बी असे. ओहायोत ज्या झाडाची बी नशिबासाठी खिशात बाळगतात, ते झाड इथे नाही, पण त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा हॉर्स चेस्टनट आहे. बाई दर पानगळीला त्याचीच एक बी उचलून आणायच्या. "खिशात असली की माणूस पोचतो," त्या म्हणाल्या. कुठे पोचतो ते त्यांनी सांगितलं नाही.

दिव्याची गोष्ट त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितली. ओहायो राज्याच्या दक्षिणेला एक मोठी नदी वाहते. एके काळी त्या नदीच्या पलीकडच्या काठावर गुलामी होती आणि अलीकडच्या काठावर नव्हती. पलीकडची माणसं रात्री जीव मुठीत धरून पाणी ओलांडायची. अलीकडे एका टेकडीवर एका धर्मोपदेशकाचं घर होतं, आणि त्या घराच्या खिडकीत दिवा ठेवलेला असे. दिवा दिसला म्हणजे ते दार ठोठावायला हरकत नाही. एका थंडीत नदी गोठली होती आणि बर्फ फुटायला लागलं होतं, तेव्हा एक बाई आपलं तान्हं मूल पोटाशी बांधून त्या फुटत्या बर्फावरून पलीकडून अलीकडे आली. पाण्यात पडत, पुन्हा वर येत. काठावर पळालेल्या माणसांना पकडणारा एक जण उभा होता. त्यानेच तिला हात देऊन वर घेतलं म्हणतात, आणि त्या घराकडे बोट दाखवून जाऊ दिलं. बाई लहान असताना त्यांच्या घरी प्रत्येक थंडीत ही गोष्ट सांगत. म्हणून माझ्या खिडकीतला जॅमच्या बाटलीतला दिवा बघून त्यांना राहवलं नव्हतं. देवापुढच्या दिव्याला त्यांनी वाट दाखवणारा दिवा समजून माझी बेल वाजवली होती.

ही गोष्ट ऐकून कुणालाही धीर यावा. मला संताप आला. त्या दिवशी सकाळीच आईने फोनवर सांगितलं होतं की लेकीला ताप आहे, पण काळजी करू नकोस, ती माझ्या कुशीतून हलतच नाही. मी बाईंवर जवळजवळ ओरडलेच. "तुमच्या गोष्टीतली सगळी माणसं बरी पोचतात! कोणी चंद्रावर, कोणी नदीपार. तिच्या पोटाशी तिचं मूल तरी होतं. माझं पलीकडे आहे आणि मी कागदांच्या ढिगाकडे बघत कोबी चिरतेय." म्हटलं आणि लाजले. त्या बाईच्या दुःखाच्या पासंगालाही माझं दुःख पुरणारं नव्हतं. माझ्यामागे कुत्री लागली नव्हती, मला कुणी विकणार नव्हतं. हे कळत होतं, पण कळून छातीवरचा धोंडा काही हलत नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. "ती एकच मूल घेऊन आली," त्या म्हणाल्या. "तिची बाकीची माणसं पलीकडेच राहिली होती. एक मुलगी होती, तिची पोरं होती. ही सुटली, दूर उत्तरेला गेली, तिथे तिला कुणी हात लावू शकलं नसतं. आणि मग ती परत आली. त्याच नदीवर, त्याच टेकडीवर. राहिलेल्यांना न्यायला."

"किती दिवसांनी?"

"दिवस नाही. वर्षं." बाईंनी कपाच्या तळाशी बघितलं. "ती आली, घेऊन गेली, एवढंच सांगतात. मधल्या संध्याकाळी तिने कशा काढल्या ते कुणीच सांगत नाही. मी आजीला विचारलं होतं. तिलाही माहीत नव्हतं."

आतून नवऱ्याचा आवाज आला. त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी त्याला दोनदा हाक मारू दिली.

वसंतात पासपोर्ट आले. कुठलाही गाजावाजा न करता, पोस्टमनने एक जाड पाकीट आणून दिलं. मी ते उघडायच्या आधी खाली रस्ता ओलांडला. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं, आणि खिशातली बी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "तिला दे," म्हणाल्या. "आणि तू नसताना दिव्याचं मी बघते."

नागपूरला उन्हाळा पेटला होता. आईच्या घराचं फाटक उघडलं, तेव्हा लेक ओसरीवर कूलरसमोर बसून पाण्यात चमचा बुडवत होती. केस वाढले होते, गुडघ्यावर खरचटलं होतं, आणि दाढाही आल्या होत्या. मी तिचं नाव घेतलं. तिने आवाज ओळखला. आवाज ओळखून तिने माझ्याकडे नाही, आत कोपऱ्यातल्या फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिली. मी खाली बसून तळहात पुढे केला. त्यावर ती बी. लहान मुलाला काहीतरी गुळगुळीत, तपकिरी दिसलं की मोह आवरत नाही. ती आली, बोटांनी बी उचलली, माझ्या हाताला हात लागू न देता, आणि पळत जाऊन ती आजीच्या हातात दिली. "आई, हे बघ," म्हणाली.

आईने ती देवघरात ठेवली. मला म्हणाली, "येईल गं बाई, एवढंसं लेकरू आहे ते. येईल." आणि तिच्याच डोळ्यांना धार लागली.

लेकीचा व्हिसा व्हायला पाऊस संपला. तोवर मी माझ्याच माहेरी माझ्याच मुलीशी ओळख करून घेत होते. तिला भात कुणाच्या हातचा लागतो, झोपताना कान कुणाचा धरावा लागतो, सगळं आईला ठाऊक. हळूहळू ती माझ्याकडे अंघोळीला येऊ लागली, मग जेवायला, आणि झोपेला मात्र आईकडेच. आई एकेक काम माझ्याकडे सोपवायची आणि स्वतः बाजूला व्हायची. अगदी शहाणपणाने. मी पाहत होते, आणि न पाहिल्यासारखं करत होते, कारण मला माझी मुलगी हवी होती.

विमानतळावर व्हायचं तेच झालं. काचेच्या दरवाजापाशी मी तिला आईच्या कडेवरून घेतलं आणि तिने जो आकांत केला, तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. दोन्ही हात माझ्या खांद्यावरून मागे पसरून ती ओरडत होती, "आई! आई!" लोक वळून बघत होते आणि बहुतेक त्यांना वाटत असेल, ही कोण बाई लेकराला आईपासून तोडून नेतेय. आईने माझा कोट धरला होता. एका हाताने लेकीला आवरत मी कोट कसाबसा अंगात घातला, आईने कॉलर सारखी केली, आणि "जा आता, मागे बघू नको," म्हणाली. मी बघितलं नाही. फुटत्या बर्फावरून आलेली ती बाई आपल्या राहिलेल्या माणसांना घेऊन पुन्हा निघाली, तेव्हा पलीकडे कुणी उभं होतं का, हे मात्र पूर्ण प्रवासभर माझ्या मनात येत राहिलं.

क्रॉयडनला आलो तेव्हा अंधारून आलं होतं. टॅक्सी गल्लीत वळली आणि समोरच्या घराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत एक दिवा दिसला. लेक रडून रडून माझ्या मांडीवर अर्धवट झोपली होती. तिने डोळे उघडले, दिव्याकडे पाहिलं, आणि आपल्याकडे तिन्हीसांजेला आजीने शिकवलं होतं तसे दोन्ही हात जोडले. बाई दारातच होत्या. त्यांचा नवरा उन्हाळ्यात गेला होता, ते त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी त्या ओहायोला गेल्या, पुतणीकडे. आता त्यांना कुणी अडवणारं नव्हतं. एकदाच फोन आला. नदीवर जाऊन आले म्हणाल्या. "मला वाटायचं, ती केवढी रुंद असेल. इतकुशी आहे गं. पलीकडच्या काठावर माणूस उभं असलं तर स्वच्छ दिसतं." मला ती राखाडी इमारत आठवली, ट्रामचे दोन थांबे आठवले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. आम्ही बर्मिंगहॅमला आलो, माझा नंबर बदलला, त्यांचाही बदलला असेल. त्या आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही आणि शोधायचा धीरही होत नाही.

काल बी हातात घेऊन मी नागपूरला फोन लावला. तिकडे जेवणं होऊन गेली होती. आईला म्हटलं, "अगं, ती बी माझ्या कोटात कशी?"

"सापडली होय?" आई म्हणाली. जणू चार दिवसांपूर्वीची गोष्ट. "मीच टाकली होती खिशात, विमानतळावर. कॉलर सारखी करायच्या निमित्ताने. ती तुझी म्हातारी मैत्रीण सांगायची ना, खिशात असली की माणूस पोचतो. लेकरू एवढं रडत होतं. म्हटलं, नीट पोचा बाई दोघी."

"मग मला बोलली का नाहीस? मला वाटायचं, देवघरात आहे. तुझ्याजवळ काहीतरी राहिलं, असं वाटायचं मला."

"मी ठेवून काय करू?" आई म्हणाली. "मला कुठे जायचं होतं?"

मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून कोट उचलला. इतकी वर्षं मी समजत होते की अडकले होते ती मी, क्रॉयडनच्या खिडकीत. तिकडे ती रोज रात्री फोनपाशी येऊन बसते आणि नात बोलायला येईपर्यंत इकडच्या हवेची चौकशी करत राहते, त्याला मी कधी काही नाव दिलं नव्हतं. कोट मी पिशवीत टाकला नाही. घडी घालून परत कपाटात ठेवला, आणि बी पुन्हा खिशात सोडली.

तेवढ्यात खाली दार वाजलं. लेक शाळेतून आली होती. बॅग जिन्यात टाकल्याचा आवाज, बुटांचा आवाज, आणि मग रोजची तिची हाक, "आई!"

फोनमधून एक आणि खोलीतून एक, असे दोन 'ओ' एकदमच गेले.